एक बोट मुळी

बांधमुळी उपटून येत नाही, खणावी लागते. यंदा माळ असा वाळला होता की पहार मारली तर माती निघायची नाही, आपलेच दात आंबायचे. आई पहार मारायची, मी खुरप्यानं माती ओढायची आणि आत्या दगडावर बसून आम्ही दोघी कशा चुकतोय ते सांगायची. आत्याचं बोलणं म्हणजे एरंडाचं गुऱ्हाळ. रस निघत नाही आणि बैलही थांबत नाही.

"हळू मार. मुळी आहे ती, कुणाचं नरडं नाही."

आई थांबली. तळहातावरचा फोड फुटला होता, तो तिनं मातीत दाबला आणि पुन्हा पहार उचलली.

"तुला सांगतेय, दूधवाले. साल निघाली तर त्या तपासणीवाल्या मॅडम घेणार नाहीत."

"हो, वन्सं."

गावात नवा माणूस आला की तो आईला हमखास विचारतो, म्हैस आहे की गाय? आमच्याकडे दोन्ही नाही. आमच्याकडे शेळीसुद्धा नाही. मग कुणीतरी त्या नव्या माणसाला बाजूला घेऊन खरं काय ते सांगतं, आणि तो पुन्हा आईकडे बघतो तेव्हा त्याचं तोंड बदललेलं असतं.

खरं काय ते असं. मी पहिलीत असताना माझ्या धाकट्या भावाला जुलाब लागले. तो नुकता चालायला लागला होता. आत्यानं त्याला बांधमुळी वाटून पाजली आणि जुलाब थांबले. मुळी दिल्यावर दिवसभर पोटात काही घालायचं नाही असा आत्याचा दंडक. पण तो रडून रडून निळा पडला तेव्हा आईनं त्याला वाटीभर दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट ढोलासारखं ताणलं आणि ऊन उतरायच्या आत तो गेला. आत्यानं अंगणात सगळ्यांसमोर गणित मांडलं. जुलाब थांबले होते, म्हणजे मुळीनं आपलं काम केलं. मग उरलं काय? दूध. गणित सोपं होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. बाबांनाही.

आता मी नववीत आहे. एवढ्या वर्षांत बाबा आईशी सरळ बोललेले मी ऐकलेले नाहीत. आई समोर बसलेली असली तरी ते माझ्याकडे बघून म्हणतात, "तिला सांग, मीठ कमी पडलंय." मी घरातला पोस्टमन. शाळेच्या सहलीला गेले होते तेव्हा घरात कोण कोणाशी काय बोललं असेल देव जाणे. आईला विचारलं तर म्हणाली, "मीठ बरोबर घातलं होतं."

एकदा माझ्या केसांतल्या उवा काढताना ती बोलून गेली होती. मान खाली, दोन नखांत ऊ. "मला दुसरं काही नको. एकदा माझ्याकडे बघून म्हणावं, तू मारलं नाहीस. बस. मग मीठ कमी म्हणा नाहीतर जास्त म्हणा." आणि ऊ चिरडली.

तर मुळी. ती मोजायची एक बोट. आत्या मुळीवर आपलं मधलं बोट लांबीनं ठेवायची आणि नखाच्या टोकाशी कडकन मोडायची. आत्याचं बोट लांब आणि पेरांशी फुगलेलं, खेकड्याच्या नांगीसारखं. म्हातारा असो, बाळंतीण असो, मांडीवरचं पोर असो, बोट तेच. कुणी म्हणालं की आम्हीच मोडून घेतो घरी, तर ती हसायची.

"गुण मुळीला असता तर शेळ्यांनी दवाखाने काढले असते. गुण या हाताला आहे."

गावाबाहेर बियाणांचं जुनं गोदाम होतं. त्याला पांढरा रंग मारून तिथं संशोधन केंद्र आलं. पोटाच्या दुखण्यावर लोक जी झाडपाल्याची औषधं घेतात ती खरंच चालतात का, हे तिथं बघणार होते. केंद्राच्या मॅडम एक दिवस जीप घेऊन आमच्या अंगणात आल्या. पाऊणशे प्रश्न विचारून झाल्यावर म्हणाल्या, "तुमची मुळी आम्हाला तपासायची आहे."

"तपासायला ती काय चोर आहे?" आत्या म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी आम्हाला पहार घेऊन माळावर नेलं.

पोती केंद्रात पोचती झाली तेव्हा तिथल्या माणसानं सहज विचारलं, पिंजरे धुवायला कुणी बाई मिळेल का? शेतात तर यंदा धुवायलाच काय, रडायलाही पाणी नव्हतं. कुणाच्याच बांधावर काम नव्हतं. आत्यानं आईकडे हनुवटी केली.

"ही घ्या. उंदरांचा हग काढायला हिच्याइतकी लायक दुसरी नाही."

तो माणूस हसला नाही. त्याला पुढे आम्ही उंदीरवाला म्हणायला लागलो.

शाळा सुटली की मी केंद्रात जायची. मागच्या खोलीत भिंतीभर जाळीचे पिंजरे आणि त्यांत पांढरे उंदीर. लाल डोळे, गुलाबी शेपट्या. वास असा की पहिल्या दिवशी मी नाक धरलं, दुसऱ्या दिवशी पदराचं टोक मागितलं आणि नंतर नाकानंच हार मानली. आई नळाखाली उकिडवी बसून ब्रशनं जाळ्या घासायची. साबणानं तिचे फोड पांढरे पडून सुटायला लागले होते.

उंदीरवाल्याच्या बोटांवर चावल्याच्या इतक्या खुणा होत्या की तो म्हणायचा, "माझी बायको यांच्यावर जळते." त्याचं काम म्हणजे उंदराला मानेच्या कातडीला धरून उचलायचं आणि बोथट सुईनं घशात एरंडेल सोडायचं. मग पिंजऱ्याखाली पांढरा टिपकागद पसरायचा. थोड्या वेळानं कागदावर काय काय पडलं ते मॅडम भिंग घेऊन बघायच्या. काही उंदरांना आधी मुळीचं पाणी पाजलेलं असायचं. त्यांच्या कागदावर फारसं काही नसायचं.

"एवढं शिकून हे बघायचं?" मी म्हणाले.

"तू काय बघणार आहेस शिकून?" उंदीरवाला म्हणाला. "निदान हे खोटं तरी बोलत नाही."

औषध पाजायच्या आधी तो प्रत्येक उंदीर डब्यात घालून काट्यावर ठेवायचा. दुकानदार साखर मोजतो तसा, जरा जास्त झाला तर काढून घेईल अशा चेहऱ्यानं. आई रोज बघायची. एक दिवस तिनं हात बादलीत तसेच ठेवून विचारलं, "भाऊ, रोज वजन कशाला? एवढे वाढतात का?"

"औषध वजनावर असतं, ताई. हा जाड्या, याला जास्त. ही बारकी, हिला थेंबभर. जाड्याचं बारकीला दिलं तर बारकी संपली."

"मुळीचंही तसंच?"

"मुळी, गोळी, सगळ्याचंच. तुम्ही लेकराच्या पायात बापाची चप्पल घालता का?"

 बादलीतलं पाणी आईच्या हातांभोवती थोडं हललं. मग अगदी हळू, जाळीला सांगावं तसं, ती म्हणाली, "घातली होती."

उंदीरवाल्याला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी कोळशाची परीक्षा घेतली. उपाशी ठेवलेल्या उंदरांना पिठाच्या पाण्यात कोळशाची पूड कालवून काळंकुट्ट पाजलं. थोड्या वेळानं एकेकाला बरणीत घातलं, बरणीत गुंगीच्या औषधाचा बोळा, झाकण घट्ट. उंदीर आधी काचेला हात लावून उभा राहायचा आणि मग बसायचा. मग मॅडम त्याचं पोट कापून आतडं बाहेर ओढायच्या. ओल्या दोरीसारखं लांबच लांब, एवढंसं पोट आणि त्यात एवढी दोरी. ती स्टीलच्या पट्टीवर सरळ ताणायची आणि काळं कुठवर पोचलं ते बघायचं. मला शिसारी यायला हवी होती, पण मी पट्टीचं दुसरं टोक धरलं.

नुसतं पाणी पाजलेल्या उंदराचं काळं दोरीच्या पार टोकाशी गेलं होतं. मुळीवाल्याचं निम्म्यातच. आणि ज्यांना मुद्दाम भरपूर मुळी दिली होती त्यांचं काळं जठरातून जेमतेम बाहेर पडून तिथंच उभं. पुढे सगळी दोरी रिकामी, फिकट.

"बघा," मॅडम खुशीत म्हणाल्या, "काय सुंदर काम करते तुमची मुळी. आतडंच थांबवते."

आई दारात बादली घेऊन उभी होती. ती त्या उभ्या काळ्याकडे बघत राहिली.

भरपूर मुळी दिलेल्यांतला एक उंदीर मागे ठेवला होता, पुढे त्याचं काय होतं ते बघायला. दुसऱ्या दिवशी तो पिंजऱ्यात मेलेला मिळाला. चारी पाय ताठ, पोट टम्म. आईनं तो ओंजळीत घेतला. लेकराला घेतात तसा घेतला असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं नव्हतं. तिनं तो नुसता धरला आणि नखानं त्याच्या पोटावर टिचकी मारली. टप्प. तिनं पुन्हा मारली. पुन्हा टप्प. मला तो आवाज आठवत नव्हता, तेव्हा मी पहिलीत होते. तिला आठवत होता.

मॅडम डबा उघडून जेवायला बसत होत्या. आई उंदीर घेऊन तशीच त्यांच्यासमोर गेली.

"मॅडम, याला कुणी दूध पाजलं होतं का?"

मॅडमनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "दूध? उंदराला दूध कोण पाजणार, मावशी? आणि तो आधी खाली ठेवा."

"मग पोट कशानं फुगलं?"

"मुळी जास्त झाली. आतडं हललंच नाही की आतलं आत कुजतं, वारा धरतो."

"आणि वरून दूध घातलं असतं तर?"

"तर काय? वरचं वर राहिलं असतं. मरायचा तो मेलाच असता. दुधाचा काय संबंध?"

"काही नाही," आई म्हणाली. "बरं झालं सांगितलंत."

त्या दिवशी तिनं जाळ्या इतक्या घासल्या की उंदीरवाला म्हणाला, "ताई, भोकं पडतील जाळीला." मग स्वतःच्याच बोलण्यावर हसला. आईही हसली. तिचा वरचा एक दात पडलाय हे मला तेव्हा कळलं, इतकी ती हसत नाही.

मी नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले होते. मुख्याध्यापकांनी सगळ्या शाळेसमोर माझं नाव दोनदा घेतलं, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. तेव्हापासून माझी खात्री झाली होती की माणसाला नीट समजावून सांगितलं की त्याला समजतं.

बाबा पाण्याचा टँकर चालवायचे. संध्याकाळी ते टँकरच्या तळातलं उरलंसुरलं पाणी बादलीत काढून काच पुसत होते. मी फडकं पिळून देत होते.

"बाबा, अण्णा मुळी कशी मोजायचे?"

अण्णा म्हणजे माझे आजोबा. मुळीची विद्या त्यांची. आई या घरात आली त्याच्या आधीच ते गेले होते.

"एक बोट," बाबा म्हणाले.

"कशी पण? दाखवा ना."

बाबांना अण्णांबद्दल विचारलं की त्यांचा चेहरा सैल होतो. "अण्णा आजारी माणसाला पाट्याशी बसवायचे. पाटा हा असा गार. हात ठेव म्हणायचे त्याच्यावर. आम्ही पोरं पोटदुखीनं नाही, त्या गार पाट्यानं रडायचो. मग बोट धरायचे, मुळीला लावायचे आणि..."

"कुणाचं बोट?"

"कुणाचं म्हणजे? माझंच. आजारी मी ना."

फडक्यातून पाणी टपकत होतं. बाबांचा हात काचेवर थांबला. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता आणि मागे अंगणात मिरच्या निवडत बसलेली आई. त्यांना काय कळलं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं.

"आक्कासमोर असलं काही काढू नकोस," ते म्हणाले.

"मग आईसमोर काढा."

ते खूप वेळ काच पुसत राहिले, पुसून झालेली. मग म्हणाले, "तिला सांग," आणि मी श्वास धरला. "तिला सांग, चहा टाक."

शाळेच्या व्हरांड्यात केंद्राचा कार्यक्रम झाला. मॅडमच्या शेजारी आत्याला खुर्ची. आत्या खुर्चीत कधी बसत नाही, म्हणून ती कडेवर टेकली होती, आता उठते की मग उठते अशी. पुरुष सतरंजीवर, बायका पायरीशी. आई सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ उभी. मॅडमनी सांगितलं की तुमच्या गावची मुळी आम्ही शास्त्रानं तपासली आणि ती जुलाबांवर खरोखर चालते. टाळ्या पडल्या. आत्यानं आपला हात वर करून बोटं हलवली. पुन्हा टाळ्या.

मी उठले. हात मागे बांधले, मान ताठ, स्पर्धेत उभी राहिले होते तशी. मी सगळं सांगितलं. वजन, काटा, जाड्या आणि बारकी, कोळसा, उभं राहिलेलं काळं, टम्म पोट. मुळी आजाऱ्याच्या बोटानं मोजायची असते, देणाऱ्याच्या नाही, हे सांगितलं. माझ्या भावाला आत्याच्या बोटाची मुळी दिली होती, म्हणून तो गेला, दुधानं नाही, हेही. एकदाही अडखळले नाही. शेवटी तर मी थोडी थांबले, टाळ्यांसाठी.



"कोण बोललं?" आत्या इकडेतिकडे बघत म्हणाली. "उंदीर का?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"माझ्या भावाचा मुलगा उंदीर नव्हता. असता तर वाचला असता, उंदरांना आई चोरून दूध पाजत नाही."

मग सगळेच हसले. वाईट हसले असं नाही, गंमत वाटली म्हणून हसले. आत्याचं बोलणं आहेच तसं.

"बाबांना माहीत आहे," मी म्हणाले.  "अण्णा कसं मोजायचे ते बाबांनी पाहिलंय. बाबा, सांगा."

सगळ्या माना वळल्या. आईचीही. तिनं एक पाऊल पुढे टाकलं होतं, कुणाच्या तरी चपलेवर. बाबा टँकरची किल्ली बोटाभोवती फिरवत होते. एकदा इकडून, एकदा तिकडून. त्यांनी आत्याकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं. चपलांकडे पाहिलं नाही.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "लहान होतो."

मॅडमनी घसा साफ केला. "हे घरगुती आहे, त्यावर मी काय बोलणार? मात्रा किती द्यायची ते अजून ठरायचंय, एवढंच सांगते." कार्यक्रम संपल्यावर त्या चपला घालता घालता आईला म्हणाल्या, "मावशी, केंद्रातल्या गोष्टी गावात करायच्या नसतात. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"मी काही बोलले नाही, मॅडम."

"मुलगी बोलली ना."

घरी येताना आत्या पुढे, बाबा तिच्या मागे, आम्ही दोघी शेवटी. "बघा," आत्या वळून न बघता म्हणाली, "उंदरांनीसुद्धा हाकलली."

आत शिरल्यावर मी वाट बघत होते की आई मला जवळ घेईल. तिनं मला भिंतीशी उभं केलं.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"तूच म्हणाली होतीस ना, तुला हवंय म्हणून..."

"त्यांच्याकडून हवं होतं. तुझ्याकडून नाही." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं. "मी विचारणार होते. एकट्याला, टँकर धुताना. ते कबूल झाले असते. चार माणसांत बहिणीला खाली बघायला लावतील असा माणूस आहे का तो? तुला तुझा बाप एवढाही माहीत नाही?"

मग तिनं पाट्यावर मिरची घेतली आणि वाटायला बसली. तिच्या हाताचे फोड उघडेच होते.

टँकरला पाणी मिळेना झालं. लोक विहिरीच्या तळातला गाळ वाटीनं भरून आणायला लागले, फडक्यातून गाळायचे आणि प्यायचे. मग जे व्हायचं ते झालं. घराघरांत जुलाब. आमच्या अंगणात रांग, मोठी माणसं सगळी. पोटाला हात लावून उकिडवी बसलेली, एकमेकांकडे न बघणारी. आत्या मुळ्या मोडत होती, आई वाटत होती. आत्याच्या बोटाची मुळी त्यांना चालून जात होती.

मग शिंप्याची सून तिचं पोर घेऊन आली. ते सहासात महिन्यांचं असेल. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, रडायला तोंड उघडायचं पण आवाज नाही. दवाखान्याला न्यायला गाडी नव्हती आणि टँकर पाण्याच्या शोधात लांब गेलेला. नेमका तेव्हाच तो परत आला, पण दवाखान्यापर्यंत पुरेल एवढं डिझेल त्यात उरलं नव्हतं. बाबा उतरून दारात उभे राहिले.

"द्या लवकर, आत्या," शिंप्याची सून म्हणाली. "तुमच्या हाताला गुण आहे."

आत्यानं टोपलीतून एक मुळी काढली. फडक्यानं पुसली. आपलं मधलं बोट तिच्यावर ठेवलं. आई पाट्यामागे बसली होती, दोन्ही हात वरवंट्यावर. ती त्या बोटाकडे बघत होती. मीही बघत होते. शिंप्याची सूनही बघायला लागली, आणि मग रांगेतलं एकेक माणूस. व्हरांड्यात हसलेली तीच माणसं. कुणी हसत नव्हतं.

आत्याच्या बोटाचं पेर पांढरं पडलं होतं, इतकं तिनं दाबून धरलं होतं. मुळी मोडत नव्हती.

"त्याचा हात दे इकडे," आत्या शेवटी म्हणाली.

"आं?"

"पोराचा हात गं. पाट्यावर ठेव. आमच्या अण्णांची रीत आहे. लहान पोराला त्याच्या बोटानं द्यायची असते."

गार पाट्याला हात लागल्यावर पोरानं अंग आखडलं. आत्यानं त्याचं बोट सरळ केलं. एवढंसं, मुळीच्या देठाएवढंच. तिथं नख लावलं आणि मोडली. तुकडा पाट्यावर पडला, आईनं पाण्याचा थेंब घालून तो वाटला, वाटीत काढला आणि शिंप्याच्या सुनेच्या हातात दिला. आत्या म्हणाली, "तास दोन तासांनी चमच्यानं पाणी पाज. उपाशी ठेवू नकोस." हे तिनं आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोराचा आवाज त्यांच्या घरून आमच्या घरापर्यंत येत होता. चांगलं कडकडून रडत होतं. शिंप्याची सून आत्याच्या पाया पडून गेली. अंगणातली माणसं म्हणाली, हात म्हणजे हात. आत्या म्हणाली, "अण्णांनी विद्या दिली, मी नुसती सांभाळली." बाबा उंबऱ्याशी बसून चहा पीत होते. त्यांनी मान हलवली. त्यांना आता आठवत होतं.

आई पाट्यापाशी होती. कालची उरलेली मुळी तिथंच पडली होती, पोराच्या बोटाएवढा तुकडा मोडून घेतल्यावर राहिलेली. तिनं ती उचलली. आत्याचं बोट जिथवर आलं होतं तिथं वाळल्या सालीवर नखाची खूण अजून होती. तिनं मोडलेल्या टोकापासून त्या खुणेपर्यंत अंगठ्यानं माप घेतलं आणि मुळी माझ्यासमोर धरली.

"एवढं जास्त झालं होतं," ती म्हणाली. आवाज लहान केला नाही.

आत्याचं बोलणं थांबलं. बाबांनी कपातून तोंड वर केलं. आई माझ्याशी बोलत होती, पण बघत त्यांच्याकडे होती. सरळ. त्यांनीही पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि मी श्वास धरून बसले.

बाबांनी कप खाली ठेवला. मान माझ्याकडे वळवली.

"तिला सांग, पाटा धुऊन ठेव. माणसं यायला लागतील."

मी सांगितलं नाही. तिला ऐकू गेलं होतं.